मुक्काम पोस्ट चिमणी

अहो, इकडे. वर बघा. आणखी वर, छपराच्याही वर. हां, आता दिसले! मी डिश बोलतेय. बारशाला इडली-चटणी देतात ती डिश नव्हे. टीव्हीची.

अंग पत्र्याचं, रुंदी चार फूट, पोटातून निघालेल्या दांड्याच्या टोकाला नाकासारखा एक डबा. जन्मापासून तोंड वर करून बसलेय म्हणून शिष्ट समजू नका. आमच्यात मान खाली घालायची सोयच नाही. घातली की घरातली माणसं ओरडतात, "चित्र गेलं!"

जन्म शारजाचा, इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमधला. सपाट पत्रा होते, वरून एक दणका बसला आणि खोलगट झाले. आमचं बाळंतपण एवढंच. पहिली वर्षं एका उंच इमारतीच्या गच्चीवर काढली. तिथे आमची जत्राच होती. केरळवाल्यांची डिश, पठाणाची डिश, मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मास्तरांची डिश. खांद्याला खांदा लागलेला, पण एकीचं तोंड दुसरीकडे नाही. खाली लिफ्टमध्ये माणसंही तशीच उभी राहतात म्हणे.

मग त्या मालकाने गाशा गुंडाळला आणि मला नागेशने आणलं, रास अल खैमाला. पिकअपच्या मागे, दोन गाद्यांच्या मधे, नव्या नवरीसारखी आवळून.

नागेश राजापूरकडचा. इथल्या सिमेंट कारखान्यात फिटर. कितीतरी वर्षं कामगारांच्या कॅम्पात बॅचलर म्हणून राहिला. लग्न झालं, मुलगी झाली, तरी बॅचलरच. गल्फमध्ये तसंच असतं, बायको गावी असली की माणूस बॅचलर. शेवटी फॅमिली व्हिसा झाला आणि कंपनीने घर दिलं. दिलं म्हणजे काय, दुसरं कोणी घेत नव्हतं ते दिलं.

त्या घराची गोष्ट ऐका. कारखाना उभारायला आलेल्या कुठल्यातरी थंड मुलखातल्या इंजिनिअरांनी स्वतःसाठी ते बांधलं होतं. गावाकडचा नकाशा काढला आणि जसाच्या तसा वाळूवर उतरवला. उतरतं छप्पर, लाकडी भिंती, आणि पूर्वेच्या भिंतीला टेकून एक चौकोनी चिमणी! जिथे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाखाली हात भाजतो, तिथे धूर जायला चिमणी. जन्मात तिच्यातून कधी धूर गेला नाही. खाली दिवाणखान्यात शेकोटीसाठी ठेवलेल्या खबदाडात नागेशच्या बायकोने देव मांडले. विलायती शेकोटीत बसलेला गणपती मी तरी दुसरीकडे ऐकला नाही.

आता त्या बायकोचं सांगते. तिचं नाव संजना. गावात शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून शिक्षणही तेवढंच. पोरगी मैथिली, चार वर्षांची. आल्या आल्या केजीत घातली, तर इंग्रजीचे सात-आठ शब्द तोंडात आले आणि तेवढ्यावर तिने आईशी मराठी बोलणं बंद केलं.

संजना फार भित्री. गॅसची टाकी फुटेल, प्लगमध्ये पोर बोट घालेल, मांजर चावेल, एसीतून साप येईल. नागेश हसायचा. कॅम्पातली मंडळी हसायची. मी नाही हसले. म्हणजे मला हसता येत नाही हे खरं, पण आलं असतं तरी हसले नसते. तुम्हीही चार स्क्रूंच्या आधारावर आभाळात टांगलेले असाल, तर तुम्हालाही भित्री माणसं जवळची वाटतील.

मला बसवायचं कुठे, यावर आधी बराच खल झाला. अंगणात ठेवलं तर पुढ्यात गोडाऊनची उंच भिंत. छपरावर ठेवलं तरी भिंतच. भिंतीच्या वरून बघायचं तर एकच जागा. चिमणीचा माथा.

बसवायला याकूब आला. मूळचा दाभोळचा. दुबईपासून रास अल खैमापर्यंत याच्या हाताखालून गेलेल्या डिशा एकीवर एक ठेवल्या तर वरच्या चॅनेलला हात लागेल, असं तो स्वतःच सांगायचा.

"चिमणी कशाची आहे?" त्याने वरून विचारलं.

"सिमेंटची!" नागेश छाती फुगवून म्हणाला. "सिमेंटच्या कॉलनीत दुसरं काय असणार, हबीबी?"

दिसायला होतीही सिमेंटची. याकूबने ड्रिल लावलं. पांढरी पूड उडाली. दोन बोटं आत गेल्यावर ड्रिल एकदम सटकलं. पुढे काही लागलंच नाही. याकूबने भुवई वर केली, ड्रिलकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. प्लास्टिकच्या चार गिट्ट्या भोकांत ठोकल्या, त्यांत चार स्क्रू पिळले, माझ्या पाठीवर थाप मारली.

"यल्ला, खलास! वहिनी, हत्ती टांगलात तरी हलायचा नाही."

हत्ती कोणी टांगला नाही. मला टांगलं.

मग तोंड फिरवायचा कार्यक्रम. याकूब माझी मान धरून, संजना दारात, मैथिली टीव्हीसमोर.

"आलं का?"

"मैथिली, आलं का गं?"

"नो!"

"नाही म्हणते!"

"आता?"

"यस! ... नो!"

"आलं नि गेलं!"

"अहो वहिनी, आलं तेव्हा ओरडायचं ना!"

शेवटी आलं. घरातून मराठी गाणं ऐकू आलं आणि संजना हुंदका देऊन रडली. हे मला कसं कळलं? अहो, माझी वायर दिवाणखान्यात उतरते. तोंड आभाळाकडे असलं तरी कान घरातच असतात. भिंतीपलीकडच्या शेजारणीचं असतं तसंच.

संध्याकाळी सासूबाईंना फोन. मुक्ताबाईंना कमी ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं त्यावर त्यांचा विश्वास नसायचा.

"आई, डिश बसवली! चिमणीवर!"

"चिमणीवर? अगो, रॉकेल सांडेल मां! घरात वीज नाय काय तुमच्या?"

"ती चिमणी नव्हे हो! मोठी! छपरावरची!"

"छपरावर दिवा कशाला लावलास?"

मागून मैथिली दोन्ही हात फडफडवत होती. तिला वाटलं, आई चिऊताईबद्दल बोलतेय. एक शब्द, तीन माणसं, तीन चिमण्या. त्या दिवशी सगळे हसले. या शब्दाने पुढे काय करून ठेवलं ते येतेच सांगायला.

शुक्रवारी सुट्टी. दुपार कलली की चिमणीच्या बाजूला अंगणात सावली यायची. नागेश टीव्ही खिडकीत ओढायचा, सावलीत चटई पसरायचा, आणि कॅम्पातले बॅचलर आंघोळी करून, केसांना तेल लावून हजर व्हायचे. समोर मराठी चॅनेल, हातात संजनाचा चहा. त्यांच्या पायांत मैथिली भातुकली मांडून बसायची. बरोब्बर माझ्याखाली.

एका शुक्रवारी वारा सुटला. इथे त्याला शमाल म्हणतात. मागून येतो आणि पाठीत बुक्का घालतो. मी डोलले. मी डोलले तशी टीव्हीवर मुंग्या आल्या.

"सिग्नल वीक आहे," नागेश म्हणाला.

सिग्नल ठणठणीत होता. वीक होत्या त्या चार गिट्ट्या.

त्या दिवशी संजनाने पोरीच्या केसांत हात घातला तर हाताला पांढरी पूड लागली. तिने वर बघितलं. मग पूड बोटांत चोळून बघितली.

"अहो, हे चिमणीचं पडतंय."

"सिमेंटच्या कॉलनीत पूड नाही पडणार, तर काय फुलं पडणार?"

सगळे हसले.

"कारखान्याची पूड मैद्यासारखी असते. ही रवाळ आहे. हात लावून बघा ना."

"आता वहिनी सिमेंट चाळून बघणार, आणि शिरा करणार!" कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

खरं म्हणजे तिने अगदी बरोबर ओळखलं होतं. पण एकदा गॅसची, एकदा मांजराची, एकदा सापाची भीती घातलेली बाई. हिचं ऐकायचं कोणी? तिने याकूबला फोन केला, तो "इन्शाल्ला येतो" म्हणाला. आता गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला सांगायला नको, इन्शाल्लावर किती भरवसा ठेवायचा ते. ती मैथिलीला घरात ओढायची, पोर रडायची, नागेश म्हणायचा, "खेळू दे गं तिला, सारखी काय कोंडतेस!" पोर पुन्हा माझ्याखाली.

मी काय करणार होते? पडू नये म्हणून धरून ठेवायला मला हात नाहीत, आणि सरका म्हणून ओरडायला तोंड नाही. तोंड आहे, पण ते फक्त ऐकायचं.

आणि मग तो शुक्रवार आला. सकाळपासूनच शमाल मातला होता. आकाश मातकट, समोरचं गोडाऊनही धड दिसत नव्हतं. तरी मालिकेचा मोठा भाग होता, म्हणून मंडळी डोक्याला टॉवेल बांधून चटईवर बसली होती. वारा हिसडा देई, गिट्टी भोकातून थोडी बाहेर येई. पुन्हा हिसडा, पुन्हा थोडी. संजना दारात उभी राहून टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"अहो, उठा सगळे तिथून. हलतेय ती!"

"अगं, पाच मिनिटं! आत्ता तिचा नवरा परत येणार आहे!"

टीव्हीतल्या बाईचा नवरा परत येत होता. आपल्या बाईचा नवरा हलत नव्हता. संजना तशीच आत गेली आणि तिने भिंतीवर चिकटवलेला कंपनीचा मेंटेनन्सचा नंबर फिरवला. फोन कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये अहमदने उचलला; तिथलं आणि पुढचं मैदानातलं मी नंतर चटईवरच्या गप्पांत ऐकलं. संजनाचं हिंदी म्हणजे राजापूरचं मराठी, थोडं भिजवलेलं. पण त्या दिवशी ती जे बोलली, त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"हॅलो, मैं नागेश फिटर की मिसेस बोलती. जल्दी आवो! चिमणी हिलती है!"

"कौन सी चिमनी, बहन?"

"अपनी चिमणी! कितनी चिमणी है अपने यहाँ?"

अहमदने हिशेब केला. कारखान्यात चिमणी एकच. भट्टीची, दहा मजले उंच.

"आप को हिलती दिख रही है?"

"सामने दिखती है! नीचे सब आदमी बैठा है, मेरी बच्ची है! गिरेगी तो कोई नहीं बचेगा!"

अहमदने खिडकीतून बघितलं. धुळीत चिमणीचा माथाच दिसेना. आता माथा दिसत नाही म्हणजे तो धुळीत आहे की खाली आलाय, हे त्याने कसं ठरवायचं? "या अल्लाह" म्हणाला आणि भोंग्याचं बटण दाबलं.

काय तो भोंगा! गेली कित्येक वर्षं फक्त तपासणीच्या दिवशी वाजलेला. कॉलनीचा नियम असा की भोंगा झाला की हातातलं टाकायचं आणि गेटसमोरच्या मैदानात जमायचं. टीव्हीतला नवरा दारात पोचला होता, पण बॅचलर पसार झाले. एकाने मैथिलीला खांद्यावर टाकलं. संजना मागून धावली, चहाची गाळणी हातात तशीच.

मैदानात शैलेंद्र साहेब आले. प्लांटचे मोठे इंजिनिअर, पुण्याचे. एका गालाला साबण, एक गाल साफ. त्यांनी भट्टी थांबवली होती. भट्टी थांबवणं म्हणजे गॅसचं बटण फिरवणं नव्हे. ती थंड व्हायची, परत तापायची, म्हणजे दिवसांचा खोळंबा आणि वर दुबईच्या ऑफिसला उत्तरं.

"हू कॉल्ड? फोन कोणी केला?"

"मी," संजना म्हणाली.

"तुम्ही? तुम्हाला कुठून दिसली चिमणी हलताना?"

"दारातून."

"कुठल्या दारातून?"

"आमच्या. आमच्याच घरावरची आहे ना."

 मग कोणाच्या तरी नाकातून फुस्स झालं आणि सगळी गर्दी फुटली. नागेशला मात्र तिथल्या तिथे वाळूत गडप व्हावंसं वाटलं. साहेबांचा साबण वाळून त्याला चिरा गेल्या होत्या.

"नागेश, एका डिशसाठी तुझ्या मिसेसनी माझी भट्टी बंद पाडली! उद्या तुझी नोकरी राहील की नाही, मला माहीत नाही. चल, दाखव ती चिमणी!"

वरात घराकडे निघाली. पुढे साहेब, मागे नागेश, त्याच्या मागे हसणारी मंडळी. संजना सगळ्यांना मागे ढकलत पुढे आली. अंगणाच्या कडेला दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"साहेब, नोकरी घ्या, टीव्ही घ्या. पण पुढे कोणी जायचं नाही. माझी पोर तिथे खेळते."

"मॅडम, ही सॉलिड सिमेंटची चिमणी आहे," असं म्हणत साहेब मागच्या बाजूने शिडीवर चढले, "आत्ता दाखवतो, हलते का!" आणि त्यांनी चिमणीच्या कुशीत सणसणीत थाप मारली.

चिमणी म्हणाली, डबब.

एवढंच. शेवटची गिट्टी सुटली आणि मी निघाले. पडताना मला अख्ख्या जन्मात पहिल्यांदा खालची जमीन दिसली. चटई दिसली. भातुकलीतला तवा, पोळपाट, वाट्या दिसल्या. पण डोळ्यांत वाळू, वरून मी गिरक्या घेत होते. भातुकलीजवळ पोर आहे की नाही, ते काही केल्या दिसेना. मी पत्र्याची आहे, देवबिव मानत नाही. तरी त्या क्षणी शेकोटीतल्या गणपतीला हाक मारली.

धाडकन आवाज झाला. वाट्या चपट्या झाल्या, माझ्या कडेला पोचा आला. नंतर फक्त वारा.

"मैथिली!" संजनाची किंकाळी.

गर्दीत मागून, कोणाच्या तरी खांद्यावरून, बारीक आवाज आला.

"मम्मी, डिश फॉल डाउन."

संजनाने तिला ओढून घेतलं आणि तिथेच वाळूत बसली. "बघा, मी सांगत होते" हे वाक्य तिच्या तोंडाशी आलं असेल, तर तिने ते गिळलं. पोरीला मांडीवर घेऊन तिच्या केसांतली पूड झटकत राहिली. नागेश तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.  तो नुसता चपटी वाटी उचलून सरळ करायला लागला.

छपरावर साहेब भोकांत बोट घालून बघत होते. "अरे, हे लाकूड आहे! आतून लाकडी सांगाडा, वर प्लायवूड, त्यावर जाळी, आणि जाळीवर बोटभर सिमेंट!"

"सिमेंटच्या कारखान्यात खोटी चिमणी?" नागेशला हा धक्का माझ्या पडण्यापेक्षा मोठा होता.

साहेब खाली उतरले.  "मॅडम," ते म्हणाले, "चिमणी हलत होती." पुण्याच्या माणसाकडून याहून जास्त माफी मिळत नाही. नागेशच्या नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्टोअरमधून लांब बोल्ट, जाड फळी आणि लोखंडी पट्टी पाठवली, आणि याकूबला इन्शाल्ला म्हणायची सोयच राहणार नाही अशा भाषेत बोलावलं.

याकूब कान पाडून आला. या वेळी आधी चिमणी ठोकून बघायला लागला. डब, डब, डब.

"फणस बघतात तसं बघा," खालून संजना म्हणाली. "पोकळ वाजतं तिथे नको."

"वहिनी, मी पण कोकणातलाच. फणस कळतो मला."

"मागच्या वेळी कुठे गेला होता फणस?"

याकूबने पुढे ठोकलं. डब, डब, ठक! कोपऱ्यात खांब लागला. दुसऱ्या कोपऱ्यात, ठक! वरचं झाकण काढून नागेशने आत हात घातला आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत फळी बसवली. बोल्ट बाहेरून आत, फळीच्याही पार, मागे रुंद वायसर आणि नट. चिमणीच्या कमरेला लोखंडी पट्टा, खाली रबर, म्हणजे सिमेंटला काचायला नको. मला धरायला दोन तारा, त्यांची टोकं छपराच्या वाशांत. शेवटी भोकांच्या कडेने सिलिकॉन, पाणी आत जाऊन लाकूड कुजायला नको म्हणून. पिकअपमधल्या माझ्या वरातीतही एवढी बांधाबांध झाली नव्हती.

"झालं," नागेश म्हणाला.

"थांबा," संजना म्हणाली. पदर खोचला आणि शिडीवर चढली. कॉलनी बघत होती. आजवर स्टुलावर चढायला घाबरणारी बाई! तिने माझा खांब दोन्ही हातांनी धरला, शिडीवरून पाय उचलले, आणि सगळा भार टाकून लोंबकळली. हिसडे दिले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. मी हलले नाही. चिमणी हलली नाही. खाली नागेश दोन्ही हात पसरून उभा.

आज त्याला काही वर्षं झाली. माझ्या अंगाला गंज चढलाय. आता दुबईत टोपलीएवढ्या छोट्या डिशा आल्यात, केबल आलीय. एक दिवस मलाही उतरवतील. जाईन. त्याआधी तुमच्याकडे एकच मागणं. आम्हाला कुठेही टांगा, पण आधी ठोकून बघा, आतलं लाकूड शोधा. आणि घरातली भित्री बाई "हलतंय" म्हणाली, तर हसण्याआधी निदान एकदा मान वर करा.

आजही जोराचा शमाल सुटला, की संजना बाहेर येते. बोल्ट, पट्टा, तारा सगळं तिला पाठ आहे. तरी ती माझ्याकडे बघते आणि माझ्याखालची चटई पलीकडे ओढते. मैथिली आता दुसरीत. पुस्तकातून डोकं न काढता ओरडते, "मम्मी, इट्स सेफ!"

"असू दे," संजना म्हणते. "सरक."

मला त्याचा राग येत नाही. मी घट्ट आहे, तरी तिने ओढावीच. वर टांगलेल्याला तेवढीच काळजी कमी.